परीक्षानळीतले भिवंडीचे कापड

(स्मृतिव्याख्यानमालेत भिवंडी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची सारी हयात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेली. फळ्यापाशी कमी आणि मुलांच्या टेबलापाशी जास्त, अशी त्यांची शिकवण्याची रीत होती. त्यांच्या नावाने बोलायचे तर विषयही टेबलावरचाच घ्यावा, असे मी ठरवले. सेंद्रिय संयुगातला क्रियात्मक गट कसा ओळखायचा, हा तो विषय. बी.एस्सी.ची मुले त्याला ‘ऑरगॅनिक स्पॉटिंग’ म्हणतात. शिक्षक पुडीत पांढरी भुकटी देतात, नाहीतर लहान बाटलीत एखादा द्रव. वर नाव नसते, नुसता नंबर असतो. तो पदार्थ जाळून, विरघळवून, दहा-बारा अभिकारकांशी गाठ घालून मुलाने ओळखायचा.

समोर यंत्रमागवाले बसले आहेत, सायझिंगवाले आहेत, कापडाचे व्यापारी आहेत. त्यांना वाटेल, हे आमचे नव्हे. मला आज नेमके उलटे सांगायचे आहे. कॉलेजच्या टेबलावर ज्या अभिक्रियेला आपण कसोटी म्हणतो, तीच अभिक्रिया मोठ्या भांड्यात केली की कापडाचा धंदा होतो. भिवंडी विणते तो धागा, त्यावर चढते ती खळ आणि पुढे बसतो तो रंग, या तिन्हींची वागणूक क्रियात्मक गट ठरवतात. असे असून कारखानदाराचा मुलगा कॉलेजात बाटलीतले बेंझॉइक आम्ल ओळखायला शिकतो, आणि घरच्या कापडात काय आहे हे त्याला कुणी विचारत नाही. हे बदलायला हवे, असे मला मनापासून वाटते.

कार्बनची संयुगे कोट्यवधी आहेत. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा पाठ करायचा ठरवले तर माणसाचा जन्म पुरणार नाही. सुदैवाने तशी गरज पडत नाही. कार्बनच्या साखळीवर मोजके अणू ठरावीक पद्धतीने जोडलेले असतात, आणि पदार्थ कुणाशी कसा वागेल ते बहुतांशी त्या अणूंच्या गटावरून ठरते. ऑक्सिजनला हायड्रोजन चिकटलेला असेल तर हायड्रॉक्सिल. कार्बनला ऑक्सिजन दुहेरी बंधाने जोडलेला असेल तर कार्बोनिल. ही दोन्ही एकाच कार्बनवर आली तर कार्बॉक्सिल, म्हणजे आम्ल. आम्ल आणि अल्कोहोल एकत्र येऊन पाणी बाहेर पडले की एस्टर. नायट्रोजन आला की अमीन, अमाइड, नायट्रो.

आता कापड घ्या. कापूस म्हणजे सेल्युलोज, ग्लुकोजच्या कड्यांची लांबच लांब साखळी. प्रत्येक कडीवर तीन हायड्रॉक्सिल गट मोकळे असतात आणि पाणी त्यांना धरून बसते. म्हणून प्रमाणित हवेत कोरड्या सुताच्या वजनाच्या साडेआठ टक्के ओलावा सूत धरते असे व्यापारात मानतात. पॉलिएस्टरमध्ये सारे एस्टर गट. मोकळे हायड्रॉक्सिल जवळजवळ नाहीतच. त्याचा ओलावा ०.४ टक्के. घाम टिपणारा सदरा आणि अंगाला चिकटणारा सदरा यांत फरक पडतो तो इथे. नायलॉनमध्ये अमाइड गट, त्याचा ओलावा या दोहोंच्या मधला.

बाजारात धागा ओढून काडी लावणारा व्यापारी हेच गट ओळखत असतो. सूत कागदासारखे जळते, कागदासारखा वास येतो आणि मागे बोटाने उडून जाईल अशी राखाडी राख राहते. पॉलिएस्टर आधी आकसते, वितळते, काळा धूर सोडते आणि टोकाला कडक मणी धरते. रेशीम किंवा लोकर असेल तर केस जळाल्याचा वास येतो, कारण केसांप्रमाणे तीही प्रथिनेच आहेत. ही कसोटी चांगली आहे. पण मिश्र कापडात ती ‘दोन्ही आहेत’ एवढेच सांगते. किती किती आहेत, ते सांगत नाही, आणि भाव तर त्यावरच ठरतो.

त्यासाठी आम्लाकडे जावे लागते. पॉलिएस्टर-कॉटन, ज्याला बाजारात ‘पीसी’ म्हणतात, त्याचा वाळवून वजन केलेला तुकडा ७५ टक्के सल्फ्युरिक आम्लात ५० अंश सेल्सिअसला तासभर ठेवला की कापूस विरघळून जातो. उरलेले गाळायचे, धुवायचे, वाळवायचे, पुन्हा वजन करायचे. जे राहिले ते पॉलिएस्टर. आंतरराष्ट्रीय प्रमाणपद्धती हीच आहे. हे घडते कारण ग्लुकोजच्या कड्या एकमेकींना ज्या बंधाने जोडलेल्या असतात तो बंध आम्लापुढे टिकत नाही, आणि पॉलिएस्टरचा एस्टर बंध तेवढ्या वेळात त्या आम्लाला दाद देत नाही. नायलॉनची शंका असेल तर ८० टक्के फॉर्मिक आम्ल घ्यावे. नायलॉन विरघळते, पॉलिएस्टर आणि कापूस तसेच राहतात. कोणता द्रावक कोणाला खातो आणि कोणाला सोडतो, एवढ्यावर ही सगळी पृथक्करणे उभी आहेत.

एस्टर मात्र अल्कलीपुढे हार मानतो. आमच्या प्रात्यक्षिकात एस्टरची एक साधी कसोटी आहे. नमुन्यात फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकायचे, गुलाबी रंग येईपर्यंत पातळ कॉस्टिक सोडा घालायचा आणि नळी गरम पाण्यात धरायची. एस्टर असेल तर थोड्या वेळात गुलाबी रंग जातो. एस्टर फुटून आम्ल सुटते आणि ते कॉस्टिकला खाऊन टाकते. सुरतेच्या प्रोसेस हाऊसमध्ये पॉलिएस्टर गरम कॉस्टिकमध्ये घालून त्याचे वजन उतरवतात, त्यामुळे ते रेशमासारखे मऊ पडते. ‘वेट रिडक्शन’ म्हणतात त्याला. धाग्याच्या पृष्ठभागावरचे एस्टर बंध फुटत जातात आणि धागा बारीक होतो. परीक्षानळीतला गुलाबी रंग ज्या कारणाने जातो त्याच कारणाने तिथे साडीला पोत येतो.

पॉलिएस्टरचा हा धागा आला कुठून, तेही सांगतो. १९४१ मध्ये जॉन रेक्स व्हिनफील्ड आणि जेम्स टेनंट डिक्सन या दोघा रसायनतज्ज्ञांनी टेरेफ्थॅलिक आम्ल आणि एथिलीन ग्लायकॉल यांपासून तो बनवला. ते नोकरीला होते कॅलिको प्रिंटर्स असोसिएशन या मँचेस्टरच्या कापड छपाईच्या कंपनीत. भिवंडीला आपण कौतुकाने मँचेस्टर म्हणतो. मँचेस्टरच्या छपाईवाल्यांनी पदरच्या पैशाने संशोधनाची प्रयोगशाळा ठेवली होती, हा त्या नावातला भाग आपण उचलला नाही. मुंबईने काही अंशी उचलला. गिरण्यांचे शहर म्हणून १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला. तोच पुढे ‘यूडीसीटी’ म्हणून नावाजला. त्याच्या पहिल्या दोन शाखांपैकी एक वस्त्ररसायनाची होती. तिथे के. वेंकटरामन यांनी रंगांचे रसायनशास्त्र उभे केले. त्यांचा कृत्रिम रंगांवरचा ग्रंथ जगभर वापरला गेला. त्याच परंपरेतले बाळ दत्तात्रेय टिळक, आपले मराठी रसायनशास्त्रज्ञ, १९६६ ते १९७८ या काळात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते. म्हणजे ही विद्या भिवंडीपासून लोकलच्या अंतरावर वाढली.

सायझिंगकडे वळतो. ताण्याचा धागा मागावर सतत घासतो, ताणला जातो, तुटतो. म्हणून बीम भरण्याआधी त्याला खळ देतात. सुताला बहुधा स्टार्चची खळ, कृत्रिम धाग्याला पीव्हीए किंवा ॲक्रिलिक. ही खळ मागावर जितकी उपयोगी तितकी पुढे नडते. ग्रे कापडातून ती नीट निघाली नाही तर रंग चट्ट्याचट्ट्यांनी बसतो. निघाली की नाही हे बघायला आयोडीनसारखी दुसरी सोपी वस्तू नाही. पोटॅशियम आयोडाइडच्या पाण्यात विरघळवलेल्या आयोडीनचा एक थेंब कापडावर टाकावा. खळ भरपूर असेल तर डाग गर्द निळा, जवळजवळ काळा दिसतो. अर्धवट निघालेली असेल तर जांभळट. पूर्ण निघालेली असेल तर आयोडीनचा स्वतःचा पिवळट तपकिरी रंग तेवढा राहतो. या छटांचा एक ते नऊ असा ‘टेगेवा’ नावाचा मापपट्टा जगभरच्या प्रोसेस हाऊसमध्ये चालतो. काटेकोरपणे पाहिले तर ही क्रियात्मक गटाची कसोटी नव्हे. स्टार्चमधला अमायलोज हा भाग मळसूत्रासारखा गुंडाळलेला असतो आणि आयोडीन त्याच्या पोकळीत शिरून बसते. निळा रंग त्यातून येतो. म्हणून कापड गरम करा, रंग फिका पडतो. गार करा, परत येतो. सेल्युलोजही ग्लुकोजचेच, पण त्याची साखळी सरळ असते, म्हणून नुसत्या सुताला हा निळा रंग येत नाही. दोन्हींत ग्लुकोज, दोन्हींवर हायड्रॉक्सिल, आणि तरी आयोडीनला त्यांतला फरक कळतो. ही गोष्ट मला अजूनही थक्क करते. खळ पीव्हीएची असेल तर मात्र हा थेंब एकटा पुरत नाही. बोरिक आम्लाच्या जोडीने आयोडीन द्यावे लागते, मग निळा-हिरवा रंग दिसतो. पीव्हीएच्या कापडावर नुसता आयोडीन टाकून ‘खळ नाही’ असा निष्कर्ष काढला तर तो फसवा ठरण्याची भीती असते.

आता रंगाची गोष्ट. माझ्या दृष्टीने आजच्या व्याख्यानाचा गाभा हाच आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

ॲनिलिनसारखा अमीन ओळखायची आमची कसोटी अशी. ॲनिलिनचे चार-पाच थेंब पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवायचे आणि नळी बर्फात ठेवायची. तापमान पाच अंशांच्या वर जाऊ द्यायचे नाही. दुसऱ्या नळीत सोडियम नायट्राइटचे पाणी, तेही गार. ते थेंबाथेंबाने घालायचे आणि ढवळत राहायचे. नायट्राइट पुरेसे झाले का हे बघायला स्टार्च-आयोडाइडचा कागद लावायचा. तो निळा झाला की पुरे, डायझो संयुग तयार झाले. आता तिसऱ्या नळीत कॉस्टिकमध्ये विरघळवलेला बीटा-नॅफ्थॉल. दोन्ही एकत्र ओतले की त्या क्षणी ॲझो रंगाचा नारिंगी-लाल साका उतरतो. इतका दाट की नळीच्या पलीकडचे दिसत नाही. मुलांचे हात दोन दिवस रंगलेले राहतात. अमीन साध्या साखळीवरचा असेल तर नायट्रोजनचे बुडबुडे सुटतात आणि लाल काही येत नाही. बर्फ विसरले तर ॲनिलिनचेही तेच होते. नायट्रोजन निघून जातो आणि तळाशी तपकिरी चिकट काहीतरी उरते.

या अभिक्रियेचा पाया पीटर ग्रीस याने १८५८ मध्ये घातला. पुढे त्याने नोकरी केली बर्टनच्या बिअरच्या कारखान्यात, आणि तिथे राहूनही तो डायझो संयुगांवर संशोधन करत राहिला. १८८० मध्ये इंग्लंडातल्या हॉलिडे बंधूंनी याच अभिक्रियेने थेट सुतावर रंग बनवला. कापड आधी नॅफ्थॉलच्या अल्कलीत बुडवायचे, मग बर्फ घातलेल्या डायझोच्या टाकीतून काढायचे. रंग धाग्याच्या आत तयार होतो, आणि पाण्यात विरघळत नसल्यामुळे धुण्यात जात नाही. आजही रंगारी ‘नॅफ्थॉल’ आणि ‘फास्ट बेस’ ही नावे घेतात ती याच रंगाईतली. बर्फ लागतो म्हणून या रंगांना ‘बर्फाचे रंग’ असेही म्हणत. बी.एस्सी.च्या मुलाला परीक्षेत ज्या लाल साक्याला दोन गुण मिळतात, त्याच साक्यावर रंगाऱ्याचे घर चालते. एकाला आपण सिद्धान्त शिकवतो आणि टाकी दाखवत नाही; दुसऱ्याला टाकी ठाऊक असते आणि बर्फ का लागतो हे कुणी सांगितलेले नसते.

या रंगांची दुसरी बाजू गंभीर आहे. १८९५ मध्ये लुडविग रेन या फ्रँकफुर्टच्या सर्जनने रंगकारखान्यातल्या कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होत असल्याचे प्रथम दाखवले. पुढे बेंझिडीनसारख्या काही अमीनांवर दोष सिद्ध झाला. अशा अमीनांपासून बनलेला ॲझो रंग शरीरात किंवा बाहेर फुटला तर तोच अमीन परत सुटतो. भारत सरकारने नव्वदच्या दशकात असे एकूण ११२ रंग हाताळण्यावर बंदी घातली. युरोपात अंगाला लागणाऱ्या कापडात असा कोणताही एक अमीन किलोमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त सुटत असेल तर माल चालत नाही. तपासणी कशी होते पाहा: कापडाचे तुकडे ७० अंशांच्या पाण्यात, सायट्रेटने आम्लता बांधून, सोडियम डायथायोनाइटबरोबर ठेवतात. हे डायथायोनाइट म्हणजे रंगाऱ्यांच्या बोलीतला ‘हायड्रो’, ज्याने ते व्हॅट रंग विरघळवतात आणि बिघडलेला रंग उतरवतात. हायड्रो ॲझोचा बंध तोडतो, अमीन सुटतात, आणि मग यंत्र ते मोजते. नॅफ्थॉलच्या टाकीत जे जोडले तेच इथे तोडून पाहायचे. निर्यातीचा माल परत आला की व्यापारी नशिबाला बोल लावतात. ज्याच्या गोदामात हायड्रोचा डबा आहे त्याला निदान ही तपासणी काय शोधते एवढे ठाऊक असावे.

ॲझो गट स्वयंपाकघरातही भेटतो. हळदीत किंवा डाळीत मेटॅनिल यलो या बंदी असलेल्या रंगाची भेसळ असेल तर हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकताच गडद गुलाबी-जांभळा रंग येतो. तेही ॲझोच. स्वयंपाकघरातलीच दुसरी कसोटी, ॲझोशी संबंध नसलेली: तुपात वनस्पती मिसळली तर ती पकडता यावी म्हणून आपल्या कायद्याने वनस्पतीत किमान पाच टक्के तिळाचे तेल घालणे सक्तीचे केले. तिळाच्या तेलातला एक घटक फरफ्युरल आणि हायड्रोक्लोरिक आम्लाबरोबर किरमिजी रंग देतो. बोडुआँची कसोटी म्हणतात तिला. कसोटी लागू पडावी म्हणून पदार्थातच खूण घालून ठेवण्याची ही युक्ती मला फार शहाणपणाची वाटते.

एवढे ऐकून असा समज होईल की रंग आला की उत्तर मिळाले. तो समज किती धोक्याचा आहे, ते एका दुःखद उदाहरणावरून सांगतो. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. बहुतेक कष्टकरी. दारूत मेथॅनॉल होते. समजा, तुमच्यापुढे अशी बाटली आली आणि तुम्ही अल्कोहोलची कसोटी केली. सेरिक अमोनियम नायट्रेटने लाल रंग आला. त्यातून एवढेच कळले की हायड्रॉक्सिल आहे; तो एथॅनॉललाही आहे आणि मेथॅनॉललाही. क्रोमिक आम्लाचा नारिंगी रंग हिरवा झाला. तोही दोघांनी होतो. मग आयोडोफॉर्मची कसोटी केली. पिवळा साका, दवाखान्याचा तो जुना वास. ही एथॅनॉल देते, मेथॅनॉल देत नाही. कसोटी आली, म्हणजे हे एथॅनॉल, म्हणजे काळजी नाही, असे म्हणणारा विद्यार्थी इथे माणसे मारील. कारण बाटलीत दोन्ही आहेत. ‘एथॅनॉल आहे का’ या प्रश्नाला होकार मिळाला; ‘मेथॅनॉल आहे का’ हा प्रश्न विचारलाच गेला नाही.

तो विचारायची रीत वेगळी आहे. नमुन्याचे परमँगनेटने ऑक्सिडीकरण करायचे. मेथॅनॉलचे फॉर्मल्डिहाइड होते, एथॅनॉलचे ॲसिटाल्डिहाइड. जास्तीचे परमँगनेट बायसल्फाइटने घालवून त्यात क्रोमोट्रोपिक आम्ल आणि संहत सल्फ्युरिक आम्ल घालून गरम करायचे. फॉर्मल्डिहाइड असेल तर जांभळा रंग येतो. ॲसिटाल्डिहाइडने येत नाही. आणि हेही ध्यानात घ्या की माणसाचे यकृत मेथॅनॉलवर हेच ऑक्सिडीकरण करते. त्यातून फॉर्मल्डिहाइड आणि पुढे फॉर्मिक आम्ल होते, आणि डोळे जातात ते त्या आम्लाने. वेळेत आलेल्या रोग्याला डॉक्टर असे औषध देतात की यकृताची ही वाटच अडवली जाते. पोलिसांकडून न्यायवैद्यक प्रयोगशाळेत नमुने जातात आणि वर्तमानपत्रात ‘केमिकल ॲनालायझरचा अहवाल’ असे आपण वाचतो. त्या शब्दांमागे अशा प्रश्नांची रांग असते. आता तिथे यंत्रे आहेत, पण प्रश्नांची रांग माणसालाच लावावी लागते.

म्हणून मी मुलांना नेहमी सांगत आलो की होकारापेक्षा नकार मोलाचा. खायच्या सोड्याने फसफसले नाही, म्हणजे बहुतेक कार्बॉक्सिल नाही. फेरिक क्लोराइडने रंग आला नाही, म्हणजे साधा फिनॉल बहुधा नाही. अशी दारे बंद करत गेले की उरलेले दार दिसते. सोडियमबरोबर वितळवून नायट्रोजन, गंधक, हॅलोजन शोधायची लासेनची कसोटी सर्वांत आधी करायची ती यासाठीच. नायट्रोजनच नसेल तर अमीनच्या मागे धावायचे कारण उरत नाही. आणि प्रत्येक कसोटीबरोबर ‘ब्लँक’, म्हणजे नमुना सोडून बाकी सगळे घातलेली दुसरी नळी, हवीच. अभिकारक जुना असेल, नळी अस्वच्छ असेल, तर रंग तिथेही येतो आणि खोटेपणा उघडा पडतो. घरातल्या औषधावरही हे पाहता येईल. ॲस्पिरिनची ताजी गोळी फेरिक क्लोराइडने जांभळी होत नाही; ओल लागून जुनी झालेली होते, कारण तिच्यातला एस्टर फुटून सॅलिसिलिक आम्लाचा फिनॉल मोकळा झालेला असतो. तिथे रंग भेसळ दाखवत नाही, वय दाखवतो.

परीक्षेत मात्र घडते निराळेच. वासावरून नॅफ्थलीन ओळखता येते, स्फटिकांवरून बेंझॉइक आम्लाचा अंदाज येतो. मूल आधी नाव ठरवते, मग पाठ केलेली निरीक्षणे उतरवून काढते. नळी स्टँडवर कोरडीच असते. याला मुलांइतकेच आपण शिक्षक जबाबदार आहोत. तेच ते पंधरा-वीस पदार्थ वर्षानुवर्षे दिले की दुसरे काय होणार? आणि आता यंत्रे आली आहेत. अवरक्त वर्णपटात १७०० च्या आसपास खोल दरी दिसली की कार्बोनिल, हे दोन मिनिटांत कळते. ती सोय मी नाकारत नाही. भिवंडीच्या आसपास रसायनांची गोदामे आहेत आणि त्यांना लागलेल्या आगीच्या बातम्या इथे कुणाला नव्या नाहीत. लेबल गेलेल्या पिंपाजवळ परीक्षानळी घेऊन कुणी जाऊ नये, तिथे हातात धरायचे यंत्रच हवे. पण यंत्र गट दाखवते, गट कसा वागतो ते दाखवत नाही. रंगाऱ्याला, सायझिंगवाल्याला वागणूकच हवी असते.

माझी सूचना साधी आहे. भिवंडीच्या महाविद्यालयांनी स्पॉटिंगच्या पुडीत भिवंडीचाच माल द्यावा. एक प्रयोग इथेच सांगतो.

मागाखाली पडलेली निव्वळ पॉलिएस्टरची चिंधी घ्या. स्टार्चच्या खळीची शंका असेल तर आधी गरम पाण्यात धुऊन आयोडीनच्या थेंबाने तपासा. का, ते शेवटी येते. एक ग्रॅम चिंधी बारीक कापून १० टक्के कॉस्टिकमध्ये कंडेन्सर लावून दोन तास उकळा. सगळी विरघळणार नाही. विरघळेल तेवढी पुरे. गाळा. स्वच्छ द्रावणात हळूहळू पातळ सल्फ्युरिक आम्ल घाला. दह्यासारखा दाट पांढरा साका उतरेल, तो टेरेफ्थॅलिक आम्ल. गाळून धुऊन त्याचा चिमूटभर भाग खायच्या सोड्याच्या द्रावणात टाका. फसफसेल आणि विरघळेल. चिंधीत एस्टर होता, आता हातात कार्बॉक्सिल आहे. पुढे मूल सवयीने वितळबिंदू घ्यायला जाईल आणि अडेल, कारण हे आम्ल वितळण्याऐवजी तापवल्यावर थेट वाफ होते. तिथे त्याला कळेल की अनुजात कशासाठी बनवायचा. मेथॅनॉल आणि थोडे सल्फ्युरिक आम्ल घालून बराच वेळ उकळले की डायमिथाइल टेरेफ्थॅलेट मिळते. ते १४१ अंशांच्या सुमारास स्वच्छ वितळते.

गाळलेले पाणी फेकू नका. पॉलिएस्टरचा दुसरा अर्धा भाग, एथिलीन ग्लायकॉल, त्यात आहे. शेजारशेजारच्या दोन कार्बनवर हायड्रॉक्सिल असलेला रेणू परआयोडेट मधोमध तोडते. फ्रेंच रसायनतज्ज्ञ मालाप्राद याने १९२८ मध्ये ही अभिक्रिया मांडली. ग्लायकॉल तुटले की दोन्ही बाजूंना फॉर्मल्डिहाइड मिळते, आणि ते दाखवायला मालवणीच्या संदर्भात सांगितलेले क्रोमोट्रोपिक आम्लच चालते. जास्तीचे परआयोडेट आधी बायसल्फाइटने घालवा. परआयोडेट स्टार्चच्या खळीतल्या ग्लुकोजच्या कड्याही तोडते, म्हणून सुरुवातीला तो आयोडीनचा थेंब. शेजारी चिंधीशिवायची ब्लँक नळी ठेवा. ती जांभळी झाली तर सगळे धुऊन पुन्हा करा. संहत आम्लाचे काम शिक्षकाने स्वतः, चष्मा घालून, फ्यूम कपबोर्डमध्ये करावे, आणि उरलेली द्रावणे उदासीन करून वेगळ्या कॅनमध्ये साठवावीत. ती गटारातून कामवारी नदीला जाता कामा नयेत.

ज्या शिक्षकांना हा प्रयोग बसवायचा असेल त्यांच्यासाठी प्रमाणांचा कागद मी आणला आहे, तो मागच्या टेबलावर ठेवला आहे. सायझिंगवाल्यांपैकी कुणी पीव्हीएच्या खळीबद्दल विचारणार असेल तर आधी त्यांचेच प्रश्न घेऊ.